मांड्यांची चूल

१२ मे, सोमवार

इंदूरच्या एका कॉलेजनं दोन विद्यार्थी पाठवलेत. उन्हाळ्यात काम शिकायला. सोबत पत्र आहे की मार्गदर्शकानं त्यांच्या प्रगतीची नोंद ठेवावी. ती नोंद वेगळ्या कागदांवर, सभ्य भाषेत ठेवीन. ही वही माझी.

मुलगी हिमानी, इंदूरच्या मराठी घरातली. इतकं शुद्ध बोलते की मला हिंदीत उत्तर द्यावंसं वाटलं. मुलगा नीलेश, नेपानगरचा. वडील कागद कारखान्यात, मूळ गाव जळगावकडचं. हा वाक्यात मराठीतून चढतो आणि हिंदीत उतरतो, भुसावळला बसून खंडव्याला उतरावं तसा.

आमचा निवारा मंच म्हणजे बुऱ्हाणपूरच्या लालबागेत टायरच्या दुकानावरची एक खोली. हिमानीनं नम्रपणे विचारलं, "सर, बाकीची टीम?" मी पंख्याकडे बोट दाखवलं. नीलेश हसला. ती हसली नाही, वहीत काहीतरी लिहिलं. पंख्याचं नाव लिहिलं असावं.

दोघांच्या पाण्याच्या बाटल्या माझ्या घागरीपेक्षा महाग आहेत. आठवडाभर टिकतील असं वाटत नाही. मुलं म्हणतोय, बाटल्या नव्हे.

१४ मे

आज दोघांना पाटाच्या वस्तीत नेलं. केळीच्या गाड्या भरणारी माणसं तिथं दोन पिढ्या राहतात, कोरड्या पडलेल्या पाटाच्या कडेनं. आता तिथून मोठा रस्ता जाणार. नोटीस फेब्रुवारीतच आली. उठवलेल्यांना बहादरपूरच्या अंगाला पक्की घरं मिळणार आहेत, एका कुटुंबाला एक. आमचं काम इतकंच की कुणी सुटू नये.

वाटेत मुलांना नियम समजावला. कुटुंब म्हणजे किती माणसं, किती खोल्या, हे सरकार विचारत नाही. चूल विचारतं. एक चूल, एक कुटुंब, एक घर. एकाच छपराखाली दोन भाऊ राहत असतील आणि चुली दोन असतील तर घरं दोन. हिमानी म्हणाली, हे किती सुंदर आहे. मी म्हटलं, तपासणीला माणूस येईपर्यंत सुंदरच आहे.

याचं चालतंबोलतं उदाहरण तिथंच होतं. मनकर्णा आणि मालूबाई, सख्ख्या जावा. खोली एक, मध्ये पत्रा. पत्र्याच्या अलीकडे थोरल्या मनकर्णाची चूल, पलीकडे धाकट्या मालूबाईची. दोघींचे नवरे एकाच गाडीवर केळी भरतात, बिडीही एकाच काडीवर पेटवतात. बायका मात्र वाटणी झाल्यापासून बोलत नाहीत. म्हणजे बोलतात भरपूर, पण शेळीशी. मनकर्णा म्हणाली, "काय गं शेळे, काही लोकाईले दुसऱ्याच्या दारात राख टाकाची लाजच नाही." पत्र्यापलीकडून मालूबाई तिच्या कोंबडीला म्हणाली, "तोंड पाहून राख टाका लागते वं बाई."

नीलेशला फार मजा वाटली. हिमानीला वाईट वाटलं. समाजकार्य शिकणाऱ्या मुलीला वाईट वाटायला लागलं की सावध राहावं, असा माझा अनुभव आहे.

१७ मे

ऊन असं की टायरवाल्याचे टायर आपापले विरघळून दुकान मोकळं करतील. मला कणकण होती, घरीच पडून होतो. हिमानी कागद द्यायला आली. माझ्या खोलीचा जिना चुकून (मागच्या बाजूला आहे, कुणालाही चुकतो) खालीच दादाच्या घरी शिरली आणि तासभर शारदावहिनीशी बोलत बसली. मला वरून आवाज ऐकू येत होते, शब्द नाही. मी वर माझा स्टोव्ह वेगळा लावतो, खाली जाऊन बरीच वर्षं झाली. वर आली तेव्हा तोंडावर अपराधी भाव आणि हातात कैरीचं पन्हं.

मी विचारलं, काय एवढ्या गप्पा? म्हणाली, "काही नाही सर, बुऱ्हाणपूरची माहिती." वहिनीला बुऱ्हाणपूरची माहिती एवढी असेल असं वाटलं नव्हतं.

२० मे

हिमानी माझ्यासाठी डबा आणते. म्हणते, तिच्या खोलीजवळच्या मेसमध्ये जास्तीचं उरतं. मेसवाली बाई हुशार आहे. कळण्याची भाकरी, ठेचा, वर शेंगदाण्याची आमटी. आमच्या आईच्या हाताची चव. वांग्याच्या भाजीत तेल थोडं कमी घालते, बहुतेक मला पित्ताचा त्रास आहे म्हणून. नाही, तिला कसं कळणार. काटकसर असेल.

मुलं कामाला बरी आहेत, हे इथं लिहून ठेवतो. कॉलेजच्या कागदावर लिहिलं तर शेफारतील. नीलेशनं वस्तीतल्या म्हाताऱ्या सखूबाईची कागदपत्रं जुळवली. ती मला तीन महिने जुळू देत नव्हती, कारण तिला माझा आवाज आवडत नाही.

२५ मे, रविवार

आज जे पाहिलं ते सविस्तर लिहितो.

नेपानगरला नीलेशच्या मामेबहिणीचं लग्न. कारखान्याच्या वसाहतीतली मराठी मंडळी, त्यांना पंगतीत बुऱ्हाणपुरी मांडे हवे होते. इथली रीत अशी की मांडा एकट्या बाईचं काम नाही. एकीनं कणीक हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायची, दुसरीनं उपड्या खापराखालचा जाळ सांभाळायचा. जाळ जरा चुकला की मांड्याची चादर होते किंवा पापड. पाटाच्या वस्तीत हे काम कधीकाळी मनकर्णा आणि मालूबाई करत. वाटणीत खापर थोरलीला मिळालं, मोठी परात धाकटीला, आणि मांडे बंद झाले. दोघींनी आपापली वस्तू राखून ठेवली, दुसरीला मिळू नये म्हणून.

हिमानी थोरलीकडे गेली आणि म्हणाली, मालूबाई म्हणते तुम्हाला आता हात चालवणं जमणार नाही. धाकटीकडे जाऊन म्हणाली, मनकर्णाबाईंना वाटतं तुम्ही जाळ विसरलात. दोन्ही धादांत खोटं. हे त्यांना कॉलेजात शिकवत असतील तर कॉलेजची फी योग्य आहे.

पत्रा दुपारी निघाला. खापराला रुंद चूल लागते, म्हणून दोघींनी आपापली चूल मोडून त्याच मातीची एक मोठी घातली. मी गेलो तेव्हा मनकर्णा हात वर करून मांडा फिरवत होती आणि मालूबाई खाली वाकून जाळाला शिव्या देत होती. जाळाला, जावेला नाही. मनकर्णा म्हणाली, "डावीकडून ओढ ना लाकूड." शेळी नुसती उभी होती. तिला कुणी काही बोललं नाही.

मला पहिला मांडा दिला. दुधासाखरेत कुस्करून खाल्ला. कॉलेजच्या कागदावर लिहिलं: "विद्यार्थिनीनं समाजात सलोखा निर्माण करण्याचं उत्कृष्ट उदाहरण घालून दिलं." लिहिताना मला खरंच बरं वाटत होतं. या मुलांचे आभार मानायला हवेत. प्रत्यक्ष नको.

२९ मे

मी गाढव आहे.

आज तपासणीचे साहेब वस्तीत आले. माणूस सभ्य, मानेभोवती ओला रुमाल, प्रत्येक दारात वाकून चूल पाहत होते. मनकर्णाच्या दारात वाकले. मोठी, नवी, छान सारवलेली एक चूल. विचारलं, दोन्ही घरचा स्वयंपाक इथंच? मनकर्णा अभिमानानं म्हणाली, "हो साहेब, आता एकच. पत्रा बी काढला."

साहेबांनी एक कुटुंब लिहिलं. घर थोरल्या भावाच्या नावावर. ते पुढच्या दारात गेले.

मालूबाईला दोन मुली. तिचा नवरा तिथल्या तिथं खाली बसला. घर नाही म्हणजे महिन्याभरात भाड्याची खोली शोधायची, आणि केळी भरणाऱ्याला शहरात खोली कोण देतो ते मला माहीत आहे.

नियम मी शिकवला होता. मोडलेल्या चुलींशेजारी बसून मी मांडा खात होतो.

३० मे

हिमानी पिशवी भरून मंचाच्या जिन्यात बसली होती. डोळे सुजलेले. म्हणाली, माझ्यामुळे एक कुटुंब रस्त्यावर आलं सर, मी इंदूरला परत जाते. मी म्हटलं, चूक करून पळून जाण्याची सोय पगारी नोकरीत असते, इथं पगार नाही. तिनं नाक पुसलं आणि वर येऊन पंखा लावला. नीलेश खालून तीन चहा घेऊन आला आणि सगळ्यात भरलेला तिच्यापुढे ठेवला. या मुलाला एवढं समजतं, हे आजच कळलं.

दुपारी तिघे वस्तीत गेलो. माझी योजना तयार होती. मोठी चूल मोडायची, दोन छोट्या घालायच्या, पत्रा लावायचा, फेरतपासणी मागायची, आणि साहेब आले की दारातच एक दणदणीत भांडण करायचं. सामग्री भरपूर आहे, राखेपासून सुरुवात करा, मी म्हटलं.

मनकर्णा पदराचं टोक चोळत म्हणाली,

"भाऊ, चूल मी दहादा मोडीन. पन हिले शिवी देनं आता नाही जमत. तोंडावर येतच नाही."

मालूबाई म्हणाली, "आन तिनं खोटी दिली तरी मी खरी देईन. माझा सभाव तुमाले माहीत नाही. मंग ते पुन्हा सुरू होईल, भाऊ. घर भेटंल, पन थे सुरू होईल."

हे म्हणणारी बाई बेघर व्हायच्या बेतात होती. परत येताना नीलेश म्हणाला, "सर, ये तो गलत प्लान था ना?" मी म्हटलं, हो.

२ जून

लढाईसाठी एक फट आहे. कुटुंब मोजायचं ते नोटीस निघाली त्या दिवसाच्या स्थितीवर, असं धोरणात आहे. फेब्रुवारीत चुली दोन होत्या. पण हे सिद्ध कसं करायचं? चुलीचा फोटो कुणी काढत नाही. मोडलेल्या चुलीची माती नव्या चुलीत गेली.

मी हे सगळं निराशेच्या सुरात समजावत होतो तेव्हा हिमानी एकदम म्हणाली, "सर, चूल कुणी पाहिली नसेल. भांडण तर सगळ्यांनी ऐकलंय."

मी कोरा कागद ओढला. मग अर्ज लिहायला बसलो. हरकतीच्या सुनावणीला साक्षीदार आणायची परवानगी असते. आम्ही वस्ती आणणार.

डबा आज नीलेशनं आणला, कारण हिमानी वस्तीत होती. म्हणाला, "आंटी म्हणे, गरम करून खा." मेसवालीला आंटी म्हणतो. आजकालची मुलं सगळ्यांनाच आंटी म्हणतात.

१० जून

सुनावणी झाली. अजून हसू येतंय की दुसरं काही, ते ठरवता येत नाही.

कचेरीच्या व्हरांड्यात निम्मी वस्ती उभी होती. सुनावणीला तपासणीचेच रुमालवाले साहेब. त्यांना वाटलं मोर्चा आहे. हिमानीनं सांगितलं, साक्षीदार आहेत, एकेक येतील. आणि एकेक आल्या. आधी आशाबाई, शेजारची. म्हणाली, नोटीस आली त्याच दिवशी मालूनं थोरलीच्या पेटत्या चुलीत पाणी ओतलं.

मालूबाई मागून म्हणाली, "पानी नव्हतं, ताक होतं."

मनकर्णा म्हणाली, "ताकच होतं साहेब. माझंच होतं."

साहेबांनी रुमाल तोंडावर धरला. मग काठी टेकत सखूबाई आली. तिनं सांगितलं की त्यांच्या गल्लीत घड्याळाची गरज नव्हती, सकाळी ह्या दोघी आपापल्या चुलीशी सुरू झाल्या की गडी गाड्या भरायला जात आणि थांबल्या की परत येत. आणि गेले पंधरा दिवस गड्यांना उशीर होतोय. पुढच्या बाईनं राखेचं सांगितलं, तिच्या पुढचीनं पत्रा कुणी आधी आणला त्याचं. दोन जावा बाकावर शेजारी शेजारी बसून तपशील दुरुस्त करत होत्या. कधी लाजत होत्या, कधी एकमेकींच्या मांडीवर चापट मारत होत्या. एवढं खरं बोलणं त्या खोलीत पूर्वी कधी झालं असेल असं वाटत नाही.

शेवटी साहेबांनी विचारलं, एवढं वैर होतं तर आता एकत्र कशा?

मनकर्णा उठून उभी राहिली. तिचा आवाज उंच नव्हता.

"साहेब, भांडत होतो तवा दोन घरं भेटत होते. बोलाले लागलो तर एक. तुमच्या कायद्याले आमचं भांडनच जास्त आवडते का?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग अचानक मला म्हणाले, "तुम्ही सांगा. घर एक, आणि चूल वेगळी. असं किती दिवस चालतं?"

मी म्हटलं, नियमाप्रमाणे...

"नियम नाही विचारत. अनुभव."

म्हटलं, "चालतं साहेब. बरीच वर्षं चालतं. सवय होते."

हिमानी आणि नीलेश दोघंही माझ्याकडे का पाहत होते कळलं नाही. खोलीत उकाडा फार होता.

साहेबांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: नोटिशीच्या दिवशी दोन चुली असल्याचं साक्षींवरून दिसतं, सबब कुटुंबं दोन. मालूबाईला पहिल्यांदा कळलंच नाही. थोरलीनं तिला हलवलं, "अवं, भेटलं. तुले बी भेटलं." तेव्हा मालूबाई रडली, आणि तिचा नवरा बाहेर जाऊन कचेरीच्या भिंतीला डोकं टेकून उभा राहिला.

साहेबांचे मी आभार मानले. ते म्हणाले, माझे कशाला. त्यांचंही बरोबर आहे. पण मी मानले. मला आज आभार मानायची सवय लागेल की काय अशी भीती वाटते.

१८ जून

घरांची सोडत निघाली. मनकर्णाला पहिल्या ओळीत, मालूबाईला अगदी शेवटच्या ओळीत. दोघींची तोंडं उतरली. मी म्हटलं, आता मात्र देवसुद्धा काही करू शकत नाही.

देवाला कुणी विचारलंच नाही. आशाबाई पुढे आली. तिला निघालेलं घर मनकर्णाच्या भिंतीला लागून, आणि त्याच्या पलीकडे तिची स्वतःची जाऊ. म्हणाली, "मी जाते शेवटच्या लायनीत. मले तर माझ्या जावेपासून लांबच पाहिजे होतं. हिमानीबाई, माझ्याकडे मांड्याचं काही काढू नको हं." अदलाबदल साहेबांनी तिथंच मंजूर केली.

बहादरपूरला जाऊन जागा पाहून आलो. दोन्ही घरांच्या मागे थोडं मोकळं अंगण आहे. तिथं एक मोठी चूल बसते का, हे दोघी पावलांनी मापत होत्या. मी घाईनं म्हटलं की कागद हातात पडेपर्यंत आत दोन चुली दिसल्याच पाहिजेत. मालूबाई म्हणाली, "दिसतील भाऊ. एकीवर पानी तापवू."

नीलेश लग्नाच्या मांड्यांचे फोटो दाखवत होता. वसाहतीतून आणखी दोन लग्नांची बोलणी आली आहेत.

२२ जून, रविवार

मुलं गेली. स्टेशनवर सोडून आलो. नीलेशला नेपानगर एवढंच जवळचं, तरी तो खिडकीतून असा हात हलवत होता की परदेशी निघालाय. हिमानी पाया पडायला वाकली. मी मागे सरकलो तर मागे हमाल. तिला सांगायचं होतं की मी सुरुवातीला आठवड्याचा अंदाज केला होता आणि तो चुकला याबद्दल मी ऋणी आहे. तोंडातून निघालं, "पाण्याची बाटली घेतली का?"

ती म्हणाली, घेतली सर.

पुढच्या वर्षी चार विद्यार्थी पाठवा, असं कॉलेजला लिहिलंय. कारण लिहिलं नाही. सभ्य भाषेत बसत नव्हतं.

येताना वस्तीवरून आलो. सामान बांधणं चाललंय. जावांनी खापर गोधडीत गुंडाळून ठेवलेलं पुन्हा सोडून माझ्यासाठी मांडे केले होते. पंच्यात बांधून दिले. मनकर्णा म्हणाली, "भाऊ, एकट्यानं नका खाऊ. मांडा एकट्याचा नसतो, करनाराचा बी नाही आन खानाराचा बी नाही." मालूबाईनं मान हलवली. दोघी आता एकच वाक्य दोघींत मिळून बोलतात. पूर्वी बरं होतं, शेळीलाही काम होतं.

मांडे त्याच दिवशी खाल्ले नाहीत तर त्यांचा रुमाल होतो. आणि एवढे एका माणसाला संपत नाहीत. म्हणून घरी आल्यावर वर न जाता खाली गेलो. दुसरं काही कारण नव्हतं.

वहिनी ओट्याशी होती, शेजारी माझा रोजचा मेसचा डबा धुऊन पालथा घातलेला. वळून म्हणाली, "भाऊजी, दूध तापवून ठेवलंय."

मी मांडे घेऊन येणार हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. दादा पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली ठेवला नाही, नुसता शेजारचा पाट पायानं पुढे सरकवला आणि म्हणाला, "बस."

बसलो.